दोरी हलली की एक खडा

कांपुंग सिरिंगान, नदीकाठ
३ फेब्रुवारी

शिकिनला तिच्या आजीचा, नेनेकचा सलाम. तू जिवंत आहेस असं धरून हे पत्र सांगते आहे. नसशील तर टपालवाल्याच्या हाती परत पाठव.

फोन तू उचलत नाहीस. आधी वाटलं, पावसानं तारा तुटल्या असतील. मग रोस्नाहच्या दुकानातल्या फोनवरून केला, तो उचललास, माझा आवाज ऐकलास आणि म्हणालीस, "नेनेक, मी मीटिंगमध्ये आहे." मागे कोंबडा आरवत होता. कोटा किनाबालूच्या विद्यापीठात मीटिंगला कोंबडेही बसतात, हे मला नव्यानं कळलं.

म्हणून कागद. लिहितो आहे तुझा बाप. मला अक्षर येत नाही, त्यामुळे तो काय खरडतो ते मला तपासता येत नाही. दर वाक्य परत वाचायला लावते. आत्ता विचारतो, "मा, कोंबड्याचं कशाला लिहायचं?" जुमात, हाताचं काम तुझं, तोंडाचं काम माझं. लिही.

गोष्ट अशी आहे. वरच्या वळणावर ओढा निमुळता होतो, तिथे माझ्या बागेतलं दुरियानचं झाड पलीकडच्या झाडांच्या खांद्यावर हात टाकून उभं आहे, ते तुला आठवत असेल. तिथून पडून तू दात पाडून घेतला होतास. त्या पलीकडच्या काठावरच्या सगळ्या झाडांना कुणीतरी तांबडा रंग फासला आहे. लग्नघरी खांब रंगवतात तसा. लग्न पाम कंपनीचं आहे. त्यांना ओढा रुंद करायचा आहे, पुराचं पाणी त्यांच्या पामांत तुंबतं म्हणे. काठची झाडं तोडायला सरकारची परवानगी लागते, ती मिळवण्यासाठी त्यांचा एक चष्मेवाला साहेब गावात फिरत होता. ओसरीवर आला.

मी विचारलं, "झाडं गेली तर रानातले थोरले या रानातून त्या रानात जाणार कसे?" (तुझा बाप विचारतो, 'थोरले' लिहू की 'ओरांगउटान' लिहू? तुझी पुस्तकं त्यांचं नाव घेतात तेवढं पुरे. आपल्या घरात थोरलेच.)

साहेब म्हणाला, "नेनेक, काळजी नको. खाली धक्क्यापाशी त्यांच्यासाठी ओढ्यावर बांधलेली दोरी आहे ना! दोरीवरून इतकी ये-जा आहे की वरच्या झाडांची गरजच उरली नाही. आणि हे मी नाही म्हणत, तुमच्या नातीचं गणित म्हणतंय."

त्यानं कागद दाखवला. मला वाचता येत नाही, पण तुझं नाव कसं दिसतं ते मला माहीत आहे. शाळेत असताना तू ते माझ्या दाराच्या खांबावर कोरून ठेवलंस आणि मार खाल्लास. तेच नाव होतं. मला इतका आनंद झाला की मी त्याला केळ्याची गरम भजी वाढली. तो गेल्यावर नीट विचार केला, आणि मग भज्यांबद्दल फार वाईट वाटलं.

ते गणित मला ठाऊक आहे, विसरू नकोस. याच ओसरीवर तू माझ्या वाट्या मांडल्या होत्यास. एक वाटी म्हणजे रानाचा एक तुकडा, आत लांगसातच्या बिया. दर खेपेला थोड्या बिया मरायच्या, थोड्या जन्मायच्या, आणि मधूनच एखादी बी तू उचलून शेजारच्या वाटीत टाकायचीस. म्हणालीस, "नेनेक, कुणीच हललं नाही तर प्रत्येक वाटी आपापल्या वाईट वर्षी रिकामी होते, आणि ती पुन्हा भरायला कुणी येत नाही. उलट सगळेच सारखे इकडून तिकडे करत राहिले तर सगळ्या वाट्या मिळून एकच वाटी होते, आणि एकाच वाईट वर्षी सगळं जातं. या दोन्हींच्या मधे किती हललेलं बरं, ते मी शोधते." मी म्हटलं, "आधी माझी वाटी कधी रिकामी झाली ते शोध." तू हसलीस. दुसऱ्या दिवशी बसनं गेलीस.

तुझा बाप मात्र खुशीत आहे. दोरी त्यानंच बांधली, आग विझवणाऱ्यांच्या जुन्या नळ्या विणून. तू लावलेला कॅमेरा पहिल्याच पुरात मासे पाहायला गेला, दुसरा कधी आला नाही, तेव्हापासून राखण त्याची. रोज पहाटे धक्क्यावर बसतो. थोरले आले की आपल्या रीतीप्रमाणे मान खाली घालतो. दोरी करकरते, थांबते, मग एक खडा दुधाच्या डब्यात. शुक्रवारी डबा ओतून तुला फोनवर आकडा सांगायचा. तू फोन उचलत नाहीस तरी डबा भरतोच आहे. "माझ्या खड्यांचं गणित झालं," असं सगळ्या धक्क्याला सांगत फिरतो. आत्ता हे लिहिताना कान लाल झालेत.

रोजे लागायच्या आधी सभागृहात सभा आहे. ये, आणि त्या साहेबाला सांग की दोरी आहे म्हणून झाडं तोडा असं तू म्हटलं नाहीस. की म्हटलंस? म्हटलं असशील तर तेही तोंडावर येऊन सांग. तुझ्यासाठी वाळवलेली कोळंबी ठेवली आहे. उंदरांना तिचा पत्ता लागायच्या आत ये.

नेनेक

२६ फेब्रुवारी

शिकिन,

परवा तू रोस्नाहच्या दुकानात फोन करून मला बोलावून घेतलंस, आणि आपलं जे बोलणं झालं, त्याबद्दल मी या पत्रात काही सांगणार नाही.

(कसलं बोलणं, असं तुझा बाप विचारतो. बायकांचं. त्यानं मान हलवली आणि लिहिलं. चांगला मुलगा आहे.)

तर काहीच न सांगता पत्र भरायचं आहे. गावात सगळं ठीक. ओढ्याचं पाणी उतरलं. साहाक गावप्रमुखाच्या गुडघ्यानं पुन्हा संप केला आहे, पण सभा तो घेणारच म्हणतो, आडवं पडून का होईना. रंगवलेल्या झाडांवर आता आकडेही घातले आहेत. कोंबड्यांनाही विकायच्या आधी कुणी इतकं सजवत नाही.

वेळ जावा म्हणून तुला एक जुनी गोष्ट सांगते. मी लग्नाची झाले नव्हते तेव्हाची. खालच्या वळणावर एक माणूस होता, त्याला आपल्या मानपानाचा भारी सोस. मुलीच्या लग्नात त्यानं दारात एक म्हातारा बसवला. पाहुणा आत गेला की म्हाताऱ्यानं टोपलीत एक सुपारी टाकायची. म्हातारा मर्यादशील. पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं वाईट, म्हणून तो पायांकडे बघायचा. संध्याकाळी टोपली काठोकाठ. यजमान नदीभर सांगत सुटला, सगळी नदी माझ्या दारात आली होती!

पुढच्या पुरात त्याचं घर कलंडलं. घर उचलायला माणसं लागतात. त्यानं हाक घातली. आला कोण? एक जण. वाकड्या बोटाचा एक तरणा पोरगा. लग्नात तोच पुढच्या दारानं आत यायचा, भात खायचा, मागच्या दारानं बाहेर, पुन्हा पुढच्या दारानं आत. सगळी टोपली त्याच्या एकट्याची.

आता यात दोष कुणाचा? पोरगा भुकेला होता. म्हातारा सभ्य होता. यजमानानं सुपाऱ्या मोजल्या, माणसं नाही मोजली. मला विचारशील तर घर कुणी उचलायचं, एवढाच प्रश्न आहे.

तुझ्या बापानं लेखणी खाली ठेवली.

आता उचलली. विचारतो, "मा, वाकड्या बोटाचा म्हणजे कोणत्या हाताचं?" मी म्हटलं, "मेला तो, साठ वर्षं झाली, हात कुठला आठवणार!" तो म्हणाला, "उजवा असेल."

मी सुपारी कातरायला घेतली. तो म्हणतो, आजचं पत्र इथेच पुरे. दिव्यात तेल आहे, दुपार आहे, आणि तो म्हणतो अंधार झाला.

नेनेक

५ मार्च

शिकिन,

आज अक्षर सुबक दिसेल. रोस्नाहचं आहे. यातलं अवाक्षर कुणाला सांगणार नाही अशी तिनं शपथ घेतली आहे, म्हणजे उद्या दुपारच्या नमाजापर्यंत गावाला कळेल. (ती म्हणते, संध्याकाळपर्यंत कळ काढीन. बघू.)

तुझा बाप लिहायला बसत नाही. मागच्या पत्रापासून तो दोरीकडे गेला नाही. डबा धक्क्यावर पालथा पडला आहे. घरी बसून कोळंबीचा सापळा दुरुस्त करतो, जो मोडलेला नाही. तू म्हणालीस बापाला सांगू नका, मी सांगितलं नाही. पण मी काय सांगत नाही आहे ते त्याला कळलं. आईची गप्प बसायची तऱ्हा त्याला चाळीस वर्षं माहीत आहे.

आज त्याच्या पाठीमागे उघड बोलते, म्हणजे तुझं-माझं एकदा नीट होऊन जाईल. तू फोनवर हुंदके देत जे सांगितलंस, ते मला समजलं तसं परत सांगते. चुकलं तर तू शिकलेली आहेस, दुरुस्त कर.

नदीपलीकडच्या पाहुणेघरानं तुला फोटो पाठवले. वर्षभरात गोऱ्या पाहुण्यांनी काढलेले, आपल्या दोरीचे. त्यांना आपली रीत नाही, ते सरळ बघतात. प्रत्येक फोटोत दोरीवर एकच जण. उजव्या हाताचं बोट वाकडं असलेला तरणा नर. सकाळी तिकडे, दुपारी इकडे, लहर लागली की पुन्हा तिकडे. आणि बापाच्या प्रत्येक खड्याला तू नवा पाहुणा धरलास. एकच बी या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून या वाटीत, आणि दर वेळी गणित म्हणालं, पलीकडची वाटी भरते आहे. ती तर रिकामी होत आली होती.

मग तू दुसरं सांगितलंस. "नेनेक, मी सगळ्या बिया सारख्या धरल्या. पण नर भटकतात. लेकी आईच्या रानाला धरून राहतात, फार तर शेजारच्या झाडांपर्यंत जातात. वाटी भरते ती मादी पलीकडे गेली तर. आणि माद्या दोरीवरून जातच नाहीत. पिल्लू पोटाशी धरून सावकाश, फांदीवरून फांदीवर, वरच्या झाडांवरून जातात." म्हणजे ज्या झाडांची गरज नाही असं तुझ्या नावाचा कागद म्हणतो, त्याच झाडांवरून.

मी विचारलं, "मग तू कुठल्या जातीची गं? आईबापाचं रान सोडून सगळ्यात लांब गेलीस ती तूच." तू फोन ठेवलास. लागलं असेल तर लागू दे. मला गणितातलं एवढंच विचारता येतं.

आता मुद्द्याचं. तू म्हणालीस, खरं सांगितलं तर गाव म्हणेल जुमातनं डोळे मिटून राखण केली, त्याच्यापायी सगळं बुडालं. बापाला हसतील, म्हणून तू गप्प आहेस. विद्यापीठातून कंपनीला कळवायला नको, सभेला यायला नको, फोन उचलायला नको.

शिकिन, तो माझा मुलगा आहे. त्याला हसले तर माझ्याच पोटात कळ येणार, तुझ्या नाही. थोरले समोर आले की रोखून पाहू नये, हे त्याला मी शिकवलं, मला माझ्या आईनं. त्यांचं रान, त्यांची वाट. आपण मान खाली घालावी आणि जाऊ द्यावं. यात लाज वाटण्यासारखं मला आजही काही दिसत नाही. फक्त मोजायला बसवलेल्या माणसाची रीत काय, हे विचारायचं राहिलं. तू विचारलं नाहीस, त्यानं सांगितलं नाही. मासा पाण्यात राहतो हे कुणी सांगत बसतं का?

पण बापाची लाज राखायला तू पलीकडची झाडं देऊ नकोस. लाज काय, पावसाळ्यासारखी येते आणि उतरते. ते दुरियानचं झाड माझ्या आजीनं लावलं. पलीकडची तोडली की ते हात पुढे करून उभं राहील आणि हातात घ्यायला समोर कुणी नसेल. तसं उभं राहायचं म्हणजे काय ते मला विचार. तुझी आई गेली, तू गेलीस, तेव्हापासून मी ओसरीवर तशीच उभी आहे.

(रोस्नाह रडते आहे. कागद ओला झाला तर तो तिचा दोष.)

सभेला पाच दिवस उरले. ये. यायचं धाडस नसेल तर निदान खरा कागद पाठव. आणि बापाचं काय करायचं ते माझ्यावर सोड.

नेनेक

२० मार्च

शिकिन,

रोजे चालू आहेत, जीभ कोरडी आहे, म्हणून आज कमी बोलेन असं मी जाहीर केलं. तुझा बाप हसला. हो, तोच लिहितो आहे. स्वतःहून कागद घेऊन आला.

तू आली नाहीस. तुझा कागद आला, तो चष्मेवाल्या साहेबानंच सभेत वाचला. वाचताना त्याचा चष्मा तीनदा घसरला. तू लिहिलंस, गणित चुकलं, परवानगीसाठी ते वापरू नये. इथपर्यंत मी खूश होते. पुढे लिहिलंस की चूक सगळी माझ्या सूत्राची आहे, गावच्या राखणदारांनी काम चोख केलं, त्यांचा काही दोष नाही.

चोख! बाई, खोटं बोलायचं तर निदान बेतानं बोलावं.

 साहाक कुशीवर वळून म्हणाला, "संपलं तर मग." तेवढ्यात मागच्या रांगेत तुझा बाप उठला. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"मुलगी खोटं लिहिते," म्हणाला.

साहेबानं विचारलं, "काय खोटं?"

"काम चोख नव्हतं. दोरी हलली की मी मान खाली घालायचो. थांबली की खडा टाकायचो. वरून कोण गेलं ते मी कधी पाहिलं नाही."

"एकदाही नाही?"

"खाली पाणी दिसायचं. कधीकधी पाण्यात हात दिसायचा. बोट वाकडं. रोजच वाकडं." तुझ्या बापानं टोपी चुरगळली. "मी मनाला म्हटलं, पाणी सगळंच वाकडं दाखवतं."

मागून होडीवाला लाजिम ओरडला, "अरे जुमात, तू निकाहलाही मान खाली घालून बसला होतास! बायको बदलली असती तरी तुला पत्ता लागला नसता!"

सगळं सभागृह हसलं. बायकांच्या बाजूलाही हसल्या. मी हसले नाही, हे तू लक्षात ठेव. विनोद चांगला होता तरी. तुझा बाप उभाच होता. कान लाल, हातात टोपी, आणि बसत नव्हता. मला वाटलं, आता हा कधीच बसणार नाही.

मग साहाक गुडघा धरून उठून बसला. "लाजिम," म्हणाला, "गेल्या फळांच्या दिवसांत थोरले तुझ्या होडीवरच्या फांदीवर बसले होते. नर होता की मादी?"

लाजिम म्हणाला, "मी कशाला बघू? मी काय बिनरीतीचा आहे?"

"मग हसतोस कुणाला?"

हसणं थांबलं. 

सरकारकडून आलेली बाई तोवर नुसती लिहीत होती. तिनं डोकं धरलं. "बाप म्हणतो चूक माझी, मुलगी म्हणते माझी. मी नक्की लिहू काय?"

मला विचारलं नव्हतं, पण मी काय विचारण्याची वाट बघते! म्हटलं, "बाई, दोघांचंही लिहा. आणि खाली लिहा, दोरीवरून कोण गेलं आणि कोण गेलं नाही, हे या गावात कुणालाच माहीत नाही. माहीत नसताना झाड तोडता येतं का, ते तुमच्या वरच्यांना विचारा."

तिनं लिहिलं. शब्दाला शब्द लिहिलं, रोस्नाह डोकावून बघत होती. परवानगी थांबली आहे. मिटली नाही, थांबली. पुन्हा मोजणी व्हायची, या वेळी डोळे उघडे ठेवून, आणि गणित पुन्हा मांडायचं, मग ठरेल. साहेब जाताना माझ्या ओसरीकडे बघत होता. भजी नव्हती.

तुझं तिकडे काय चाललं आहे ते तू लिहीत नाहीस. स्वतःच्या नावाचा कागद स्वतःच खोडला म्हणजे मोठी माणसं गोड बोलत नसणार, एवढं मला कळतं. नोकरीवर आलं असेल तर तसं सांग. आणि बापाला फोन कर. तो म्हणतो, नको लिहूस. जुमात, लिही. आणि पुन्हा वाच. हं.

आता आजचं. मोजायला कोण बसणार यावर गावात चार दिवस वाद झाला. वर बघायला कुणी तयार नाही. तरण्यांना भीती, म्हाताऱ्यांना लाज. शेवटी मी म्हटलं, मी बसते, या वयात मला कसला शाप लागायचा राहिला आहे! तुझ्या बापानं माझ्यासाठी धक्क्यावर खुर्ची मांडली आणि स्वतः शेजारी फळीवर बसला, मान खाली घालून. सवय. डबा त्यानं पुन्हा आणला होता, पण त्यात खडा एकही नव्हता.

वाकड्या बोटाचा आला, गेला. मी सरळ बघितलं. उनाड आहे, दोरीवर मधेच लटकून झोके घेतो. तोंड अगदी लाजिमसारखं. मी तुझ्या बापाला म्हटलं, "टाक खडा." त्यानं टाकला नाही. म्हणाला, "हा मोजून झाला आहे."

मग बराच वेळ काही नाही. ऊन वर आलं. आणि पलीकडून एक थोरली आली, मादी. पोटाशी पिल्लू, एवढंसं, केस उभे. ती दोरीच्या टोकाशी असलेल्या झाडावर बसली.  तिनं एक हात लांब केला, दोरी धरली, ओढून बघितली. दोरी हलली, करकरली.

शिकिन, जुन्या रीतीनं इथे एक खडा पडला असता.

तिनं हात सोडला. पिल्लू नीट धरलं, वळली, आणि फांदी फांदी करत ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली. तांबड्या झाडांकडे. माझ्या दुरियानकडे.

मी शेजारी बघितलं. तुझ्या बापाची मान वर होती. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि पुटपुटत होता, "माफ करा थोरल्या बाई, माफ करा, हिशेबासाठी बघतो आहे." ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. मग हातातल्या खड्याकडे बघत बसला. डब्यात टाकेना, पाण्यातही टाकेना.

मला म्हणाला, "मा, आली आणि परत गेली, हे कसं मोजायचं? शिकिनला विचार. न आलेलीलाही गणितात खडा असतो का?"

विचारलं. खडा त्याच्या खिशात आहे. उत्तर फोनवर देऊ नकोस, फोन कापता येतो. इथे येऊन, धक्क्यावर, त्याच्या तोंडाकडे बघून दे.

नेनेक